फाटक्या आवाजाची दुरुस्ती

आवाज फाटावा म्हणून चार महिने खटपट करणारा माणूस आमच्या आळीत माझ्याआधी झालेला नाही, आणि माझी जी शोभा झाली ती पाहता यापुढे कोणी होईल असंही वाटत नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

मे महिन्यात आमची वल्लरी खारघरहून गाडीच्या डिकीत अँप्लिफायर घालून किहीमला आली. वल्लरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, नोकरी खारघरला, आणि फावल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार. अँप्लिफायर मी स्वतः घरी बनवलेला. टाळेबंदीत लोक केक करायला शिकले, मी भंगारातून चार व्हॉल्व्ह मिळवून तिला हे खोकं जोडून दिलं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. आत तांबूस उजेड पडतो आणि तापतात जाम. खोक्याचं वजन बावीस किलो. ते तिने ओटीवर टेकवलं, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, याची ताकद कमी करून देशील? सोसायटीने नोटीस काढलीय."

नोटीस मी वाचली. 'सदनिका क्रमांक ७०२ मधून येणारा यंत्रसदृश आवाज' असे शब्द होते. ज्याला गिटार आणि यंत्र यांतला फरक कळत नाही तोच माणूस सेक्रेटरी होतो, असं मी म्हणालो. त्यावर आमची सौ. सुचिता म्हणाली की फरक तिलाही कळत नाही, ती फक्त नोटीस काढत नाही.

वल्लरी दुसऱ्या दिवशी सकाळी परतली. तिचं येणं हे असंच. गणपतीला दीड दिवस, दिवाळीला दोन, आणि मधे एखादं लग्न टाळता आलं नाही तर. ती गेल्यावर सुचिताने सांगितलं की पोरीने गिटार विकायला काढायचं ठरवलंय. घरात वाजवता येत नसेल तर भिंतीला टांगून पुसत बसायची का, असं म्हणत होती म्हणे. मला वाईट वाटलं. आणखी एक गोष्ट मनात आली, ती मी सुचिताला सांगितली नाही. वल्लरी इंजिनिअर झाल्यापासून सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मोबाईल अडला की मी तिला विचारणार, बँकेचं ॲप रुसलं की मी तिला विचारणार, आणि ती "बाबा, डाव्या बाजूच्या तीन रेघा दिसतात का" असं लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलणार. सहा वर्षांनी पोरीने एक काम सांगितलं होतं आणि ते नेमकं मला येत होतं. आमच्याकडे गणपती साखरचौथीचा. म्हणजे गावभरचे गणपती बोळवून झाले की पुढच्या संकष्टीला आमच्यासारख्या काही घरांत पुन्हा बसतो तो. त्याला ती यायची होती. तोवर अँप्लिफायर तयार झालाच पाहिजे असं मी ठरवून टाकलं.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, परीक्षेला नाही. अँप्लिफायरचे दोन भाग असतात. पुढचा भाग सुराला आकार देतो आणि मागचा ताकद देतो. ताकदीच्या भागातले व्हॉल्व्ह पार थकेपर्यंत राबवले की गिटारचा सूर कडेकडेने फाटायला लागतो, थोडा खरखरीत आणि थोडा रडवेला होतो, आणि त्या फाटण्यासाठीच ही मंडळी जीव टाकतात. घोळ एवढाच की माझ्या खोक्यात चार दणकट व्हॉल्व्ह होते. ते चौघे थकेपर्यंत खारघरचे सात मजले आधी थकायचे. म्हणून मी मागचा अख्खा भाग उपटून तिथे एकच किरकोळ प्रकृतीचा व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं. एकटा असल्यामुळे तो लवकर दमेल, लवकर फाटेल, आणि आवाज भिंतीपलीकडे जाणार नाही. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं की मी सुचिताला पंधरा दिवस सांगून बसलो.

पहिली अडचण म्हणजे हे कोणालाच समजावता येईना. आमच्या आळीत रघू माईकवाला म्हणून आहे. लग्न, पूजा, निवडणूक, कबड्डी, सगळीकडे कर्णे त्याचेच. स्वभावाने सोन्यासारखा. मी ओटीवर खोकं उघडून बसलोय हे कळल्यावर तो आपणहून आला. मांडी घालून बसला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, माझी वीस वर्सं गेली आवाज फाटू नये म्हून. आन् तुमी मुद्दाम फाडताय व्हय?" त्याच्या डोळ्यांत मला कीव दिसली. जाताना त्याने सुचिताला हळूच विचारलं की सरांची तब्येत बरी हाय ना.

शेजारच्या केसरकाकूंचं म्हणणं वेगळं होतं. काकू पंच्याहत्तरीच्या, पलीकडच्या वाडीत एकट्या राहतात, आणि सल्ला देताना त्यांना विषयाची अडचण पडत नाही. त्या म्हणाल्या, "देवव्रत, पोरीला पेटी शिकव. पेटीला नोटीस येत नाही." हा सल्ला त्यांनी जून ते सप्टेंबर या काळात मला एकूण नऊ वेळा दिला. नवव्या वेळी मला तो पटायला लागला होता.

जूनच्या मध्यावर काम पुरतं झालं. म्हणजे निदान व्हॉल्व्ह पेटला. नवीन व्हॉल्व्ह काही दिवस रोज तासन् तास चालू ठेवावा लागतो, म्हणजे तो मुरतो. मी तो सकाळी लावून कॉलेजला जायचो. आता आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. जुलैत काडेपेटीतल्या काड्या मऊ पडतात, वर्तमानपत्राचं फडकं होतं आणि चपलांना हिरवी लव येते. अशा घरात दिवसभर तापलेलं एक कोरडं खोकं आहे म्हटल्यावर बायका गप्प बसतील का? पहिल्या आठवड्यात त्यावर माझे मोजे आले. मग काडेपेट्या, मग पापडांचा डबा. केसरकाकू आपल्या वाती आणून ठेवायला लागल्या. एकदा मी घरी आलो तर पोस्टमन त्यावर पाकिटं शेकत उभा होता. मी रागावून बोललो की हे शास्त्रीय उपकरण आहे. सुचिता म्हणाली, दोन महिन्यांत तुमच्या शास्त्राचा पहिल्यांदा उपयोग होतोय, होऊ द्या की.

आणि मग तिने मिठाची बरणी ठेवली. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. म्हणूनच तर ठेवली. ते सुटलेलं पाणी बरणीच्या बुडाखालून ओघळलं, जाळीतून आत गेलं, आणि एका गुरुवारी निळा उजेड होऊन घराचा फ्यूज उडाला. आत पाहिलं तर निम्म्या तारा काळ्या. केसरकाकू धावत आल्या, नजर लागलीय म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणत असताना मीठमोहऱ्या घेऊन त्यांनी अँप्लिफायरची दृष्ट काढली. मिठानेच मेलेल्या यंत्रावरून पुन्हा मूठभर मीठ ओवाळलं गेलं. पदार्थविज्ञानाचा मास्तर शेजारी हात जोडून उभा होता, कारण काकूंनी जोडायला सांगितले होते.

याच सुमारास व्होल्टेजचं प्रकरण सुरू झालं. आमच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर बसला तेव्हा इथे चौदा घरं होती. आता नारळीच्या बागा विकून मुंबईकरांचे चाळीस बंगले झालेत, प्रत्येकात चार-चार एसी. संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे ट्यूब लागत नाही, पंखा लाजत फिरतो, आणि काकूंच्या फ्रिजचं तर काही विचारू नका. आळीने बैठक घेतली आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रोफेसर. मी 'विषय', 'संदर्भ', 'महोदय' सगळं यथासांग घालून नव्या ट्रान्सफॉर्मरची मागणी केली. एकेचाळीस सह्या. पहिली माझी.

वीज कार्यालयात तुकाराम नावाचे एक कारकून होते. ते फार शांत. त्यांनी अर्ज तीनदा वाचला आणि मोजणी करायला माणूस पाठवतो म्हणाले. माणूस आला तो सकाळी अकराला. व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस. 'दाब नियमानुसार आढळला' असा शेरा मारून तो ताक पिऊन गेला. मी पुन्हा कार्यालयात गेलो आणि म्हणालो की अहो, व्होल्टेज संध्याकाळी पडतं. तुकारामभाऊ म्हणाले, कार्यालय पावणेसहाला बंद होतं. म्हणजे पावणेसहानंतर पडलेलं व्होल्टेज सरकारदरबारी पडतच नाही. मी हे बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि तसं लेखी द्या म्हणाले. मी लेखी दिलं. पुढचे तीन महिने मी लेखी देत होतो.

इकडे मी अँप्लिफायर नव्याने जोडला. आता तो मनासारखा फाटेना. दिवसभर कॉलेज, मग घरी येऊन चहा, आणि सहा-साडेसहाला मी हातात पान्हा-पक्कड घेऊन बसायचो. एक तुकडा बदल, दुसरा घाल, घरी पडून असलेल्या वल्लरीच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारची तार छेडून बघ, परत काढ. व्होल्टेज वरखाली होतंय तर स्टॅबिलायझर लावा, असं रघू म्हणाला. पण स्टॅबिलायझरची टकटक अँप्लिफायरात ऐकू यायची, म्हणून मी तो लावला नाही. खोकं थेट भिंतीतल्या प्लगला. बाजूलाच त्याच टेबलावर वीज कार्यालयाला द्यायचं स्मरणपत्र क्रमांक पाच पडलेलं असायचं, 'संध्याकाळी दाब १६० पर्यंत उतरतो' असं माझ्याच अक्षरात. त्या कागदावर मी पक्कड ठेवायचो. हे लक्षात ठेवा.

ऑगस्टच्या शेवटी एकदाचा सूर लागला. दबका आणि कडेने उसवलेला. मी खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर ओटीवर रघू बसलेला, घामाघूम आणि प्रसन्न. साखरचौथीच्या माळा लावायला माप घ्यायला आला होता. आदल्या संध्याकाळी त्याने रस्त्यावरून खोक्याचा आवाज ऐकला होता, त्याला राहवलं नाही, आणि त्याने स्वतःच्या पेटीतला दुसरा व्हॉल्व्ह बसवून, पुढचा स्पीकर बदलून, सगळं निस्तरून ठेवलं. "आता बघा सर, कसा घंटेसारखा वाजतोय. येक थेंब फाटत न्हाय." पैसे देऊ केले तर कानाला हात लावले. लेकीसाठी हाय ना, म्हणाला. अशा माणसावर रागवायचं कसं? मी त्याला चहा पाजला, तो गेल्यावर त्याची दुरुस्ती काढून टाकली, आणि पुन्हा पहिल्यापासून फाडायला बसलो. त्याला पंधरा दिवस लागले.

साखरचौथीला वल्लरी आली. संध्याकाळी घर भरलेलं, सगळ्यांचे उपास, आणि चंद्रोदयाला अजून तासभर. अशा वेळी उपाशी माणसं एकमेकांकडे फार वाईट नजरेने बघतात, म्हणून मी म्हणालो, वाजव काहीतरी. तिने ओटीवर बसून गिटार खोक्याला जोडली आणि तार छेडली.

मला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सूर घरभर आरामात फिरत होता, कोणाला ढकलत नव्हता, आणि केसरकाकू त्यावर आरामात पेटीचा सल्ला देऊ शकत होत्या. रघू कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, एखाद्या चांगल्या घरातलं पोर वाया गेल्यासारखा. वल्लरी वाजवायची थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, हेच. अगदी हेच पाहिजे होतं." पाचवी-सहावीत तिची सायकलची चेन बसवून दिली की जशी बघायची तशी बघत होती. मी नुसतं हं म्हणालो आणि चंद्र उगवला का ते बघायला अंगणात गेलो. चंद्राला अजून अर्धा तास होता, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन करून ती खोकं घेऊन गेली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. खारघरला तार छेडल्याबरोबर खोकं असं गरजलं की सेक्रेटरी टॉवेलवर वर आले. फाटणं-बिटणं काही नाही, नुसता दणदणीत घंटानाद. दुसरी नोटीस निघाली होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं. चार महिने, मीठ, दृष्ट, रघू, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सुचिताने विचारलं काय झालं, तर मी म्हणालो काही नाही आणि जेवलो नाही.

शनिवारी वल्लरी खोकं घेऊन परत आली. संध्याकाळी ओटीवर लावलं तर काय, सूर पुन्हा तसाच, दबका आणि उसवलेला. मी खोक्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. खोकं इथेच ठेवते, म्हणाली, नाहीतरी तिथे वाजवता येत नाही. पुढच्या शनिवारी ती गिटार पाठीला लावून पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही.

शोध मला लागला दसऱ्याच्या दिवशी. कॉलेजला सुट्टी होती, सकाळचे अकरा वाजले होते. मी सहज खोकं लावलं आणि त्या जुन्या गिटारच्या तारेवर बोट फिरवलं. असा आवाज झाला की पलीकडे केसरकाकूंच्या हातातलं भांडं पडलं. मी आत जाऊन फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा काटा बघितला. दोनशे तीस. संध्याकाळी सातला पुन्हा बघितला. एकशे साठ. आणि खोकं गोड रडत होतं. मी ओटीच्या पायरीवर बसलो. चार महिने मी फक्त संध्याकाळी काम केलं होतं. व्हॉल्व्ह मी नाही दमवला, तो आमच्या आळीच्या व्होल्टेजने दमवला होता. जो आजार बरा व्हावा म्हणून मी सहा स्मरणपत्रं लिहिली, त्याच आजाराच्या मापाने मी यंत्र शिवलं होतं. दहावीच्या पोराने केली तर मी ज्याचे मार्क कापीन अशी ही चूक.

यावर उपाय अगदी सोपा आहे. डिमरस्टॅट म्हणून एक गोल डबा मिळतो. वर चकती असते, ती फिरवली की पाहिजे तेवढं व्होल्टेज उतरवता येतं. खारघरला तो लावून चकती एकशे साठवर ठेवली की काम झालं. आमच्या प्रयोगशाळेत असे सहा आहेत. सातवा कॉलेजने भंगारात काढला तेव्हा मी घरी आणला होता. तो आतल्या खोलीत कपाटाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वल्लरीला फोन लावला. ती म्हणाली, "मीटिंगमध्ये आहे बाबा, शनिवारी येतेच आहे तेव्हा बोलू."

शनिवारी येतेच आहे. हे वाक्य आमच्या घरात सहा वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. आत सुचिता शनिवारसाठी नारळ खोवून ठेवत होती. मी फोन ठेवला आणि जरा वेळ कपाटाकडे बघत उभा राहिलो.

शनिवारी मी वल्लरीला सांगितलं की हे सगळं हवेमुळे होतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हची प्रकृती चांगली राहते, खारघरची हवा त्याला मानवत नाही. हे सांगताना मी 'आयन' हा शब्दही वापरला. सत्तावीस वर्षं शिकवतोय, पण इतकं खोटं मी वर्गात कधी बोललो नाही. वल्लरीने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाली, "असेल बाबा." मला सुटल्यासारखं झालं, आणि थोडं दुःखही झालं. इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेली मुलगी हे ऐकून घेते म्हणजे आजकाल अभियांत्रिकीला शिकवतात तरी काय.

हिवाळाभर ती दर शनिवारी आली. संध्याकाळी सात ते नऊ वाजवायची, मग जेवण, मग ओटीवर गप्पा. तिच्या ऑफिसातल्या माणसांची नावं मला पाठ झाली. तिला एक बढती नाकारली होती हे आम्हाला कळलं, तेही वर्षभराने. फोनवर हे कधी निघालं नसतं. शनिवारी बंगले भरलेले असत, त्यामुळे व्होल्टेज आणखी पडे आणि सूर आणखी सुंदर लागे. एसी लावणाऱ्या मुंबईकरांबद्दल माझं मत पुष्कळ सुधारलं.

आणि फेब्रुवारीत तुकारामभाऊंचा फोन आला. नवे साहेब आलेत, त्यांनी संध्याकाळी थांबून स्वतः मोजणी केली, तुमचा ट्रान्सफॉर्मर मंजूर. अभिनंदन. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन चाचरत विचारलं की अर्ज मागे घेता येतो का. तुकारामभाऊंनी पहिल्यांदाच चष्मा काढला. म्हणाले, येतो की, एकेचाळीसही अर्जदारांची लेखी संमती आणा. मी घरी येताना केसरकाकूंच्या दारात थांबलो. त्या फ्रिजमधलं नासलेलं दूध मोरीत ओतत होत्या. मला म्हणाल्या, देवव्रत, तुझ्यामुळे म्हातारपणी चांगले दिवस येणार बघ. मी तसाच पुढे गेलो.

मार्चच्या शेवटी ट्रान्सफॉर्मर आला. आळीने खांबाला तोरण लावलं. रघूने फुकट कर्णा लावला, आणि नारळ फोडायला मला बोलावलं. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही. लोक म्हणाले, सरांना भरून आलंय. खरंच आलं होतं. त्या संध्याकाळी आळीतला प्रत्येक दिवा पांढराशुभ्र लागला, पंखे घोंघावायला लागले, आणि स्टॅबिलायझरचा काटा दोनशे बत्तीसवर जाऊन बसला. सुचिता म्हणाली, किती छान उजेड पडलाय. मी म्हणालो, हो.

मी वल्लरीला फोनवर काही बोललो नाही. शनिवारी ती आली, ओटीवरचा लखलखाट बघितला, आणि काही न विचारता खोक्याजवळ बसली. मी म्हणालो की आज हवा जरा कोरडी आहे, आवाज कसा येईल सांगता येत नाही. ती बरं म्हणाली, आणि तिने पाठीवरच्या पिशवीतून एक डबा काढला. गोल, वर चकती. खोक्याची पिन त्यात खुपसली, त्याची पिन भिंतीत, आणि चकती एकशे साठवर आणून ठेवली. तार छेडली. सूर जसाच्या तसा.

डब्याला गॅरंटीचं कार्ड लोंबत होतं. मी ते उलटून पाहिलं. घेतल्याची तारीख दसऱ्याच्या पाच दिवस आधीची होती. म्हणजे मला शोध लागायच्या आधीच तिला लागला होता, आणि तेव्हापासून हा डबा सहा महिने तिच्याकडे होता.

"मग तू खोकं तिकडे का नाही नेलंस?" मी विचारलं. "दर शनिवारी इथे कशाला येत होतीस?"

वल्लरीने गिटारवरून मान वर केली नाही. म्हणाली, "इथली हवा चांगली आहे ना बाबा. खारी."

सुचिता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "आता तुमचाही काढा तो कपाटाखालून. दर वेळी केर काढताना हाताला लागतो."

वल्लरीचा हात तारांवर थांबला आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी उठलो आणि गोणपाट आणायला आत गेलो.